रेल्वे कामगाराचा कर्करोग आणि दोन वर्षांची मुदत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी रेल्वेच्या एका डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून लागलो आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. गेली बरीच वर्षे पुण्यातल्या घोरपडीत राहतो. माझी शेड कोणती होती हे इथे लिहीत नाही, कारण जे सांगायचे आहे ते देशभरातल्या कुठल्याही शेडला, वर्कशॉपला आणि यार्डाला सारखेच लागू आहे. रेल्वे अपघातात हातपाय गमावलेल्या कामगाराची भरपाई कशी मिळते, हे आमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक असते. कामामुळे झालेल्या कर्करोगाचीही भरपाई कायद्याने मिळू शकते, हे मात्र मला स्वतःला सत्तरी गाठेपर्यंत माहीत नव्हते. ती मिळण्याच्या वाटेत कायद्यानेच जी अडचण घालून ठेवली आहे, तिच्याविषयी हे पत्र आहे.

माझा एक सहकारी, माझ्याच बॅचचा फिटर, २०१० मध्ये निवृत्त झाला. २०२१ मध्ये त्याचा खोकला थांबेना, छातीत पाणी झाले, आणि तपासण्यांनंतर फुप्फुसाचा कर्करोग निघाला. आठ महिन्यांत तो गेला. त्याच्या फाइलमध्ये सीटी स्कॅन, बायॉप्सी, केमोचे सगळे कागद व्यवस्थित आहेत. "तंबाखू खाता का, बिडी ओढता का?" हा प्रश्न त्याला प्रत्येक ठिकाणी विचारला गेला आणि त्याचे उत्तर प्रत्येक केस पेपरवर नोंदलेले आहे. तो तीस वर्षे काय काम करत होता, हे कोणीही विचारलेले नाही. व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द आहे: निवृत्त.

तो काय काम करत होता, हे मी सांगू शकतो, कारण तेच काम मी त्याच्या शेजारी उभा राहून केले. मोठी दुरुस्ती झाली की इंजिनाची लोडबॉक्सवर, म्हणजे गाडी न ओढता इंजिनावर भार टाकणाऱ्या यंत्रावर, चाचणी होते. इंजिन जागचे हलत नाही, पण नॉच (ताकदीची पायरी) वाढवत आठव्यापर्यंत नेला जातो आणि सोळा सिलिंडर पूर्ण ताकदीने चालवून पाहिले जातात. अल्को या अमेरिकी आराखड्याच्या इंजिनाचा टर्बो नीट पकडेपर्यंत निघणारा काळा धूर ज्याने पाहिला आहे, त्याला वेगळे वर्णन करून सांगायला नको. थंडीत दारे ओढून घेतलेली असत, इंजिने तासन्‌तास आयडलवर चालू असत, आणि घरी गेल्यावर नाक शिंकरले की रुमालावर काजळी येई. हात डिझेलने धुवायचे आणि कॉटन वेस्टला पुसायचे, ही रोजची रीत होती. एक्झॉस्टच्या पाइपांवर पांढरे अ‍ॅस्बेस्टॉसचे कापड आणि दोर गुंडाळलेले असत. दुरुस्तीच्या वेळी ते सुकून, ठिसूळ होऊन आलेले असे, आम्ही ते हाताने ओरबाडून काढत असू आणि संध्याकाळी फरशी कोरडीच झाडली जाई. मास्क हा शब्द आमच्यापैकी कोणी उच्चारला नाही. यात लपवाछपवी होती असे मी म्हणत नाही. त्या धुळीत काय आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हते आणि आमच्यावरच्या साहेबांनाही ते ठाऊक असल्याचे मला कधी दिसले नाही.

आज मात्र ते जगाला ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर पहिल्या गटात टाकला. माणसाला त्यापासून कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे, असा या गटाचा अर्थ. अ‍ॅस्बेस्टॉस आणि बेन्झीन या गटात त्याआधीपासूनच होते आणि वेल्डिंगच्या धुराची भर २०१७ मध्ये पडली. डिझेलच्या धुराबद्दलच्या या निर्णयाला ज्या अभ्यासांचा आधार होता त्यांतला एक थेट आमच्या धंद्याचा आहे. अमेरिकेत ५४,९७३ रेल्वे कामगारांच्या मृत्यूंच्या नोंदी १९५९ ते १९९६ अशा अडतीस वर्षांसाठी तपासण्यात आल्या. धुराशी संबंध येणारी कामे करणाऱ्यांमध्ये, म्हणजे ड्रायव्हर, गार्ड यांसारख्यांमध्ये, फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू इतर रेल्वे कर्मचाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळले. धूम्रपानाचा हिशेब धरल्यावर हा फरक कमी होतो, पण नाहीसा होत नाही. दुसरा मोठा अभ्यास अमेरिकेतल्याच १२,३१५ खाण कामगारांचा होता आणि त्याचा कलही त्याच दिशेचा होता.

लाइनवरच्या ट्रॅकमनचा प्रश्न थोडा वेगळा आहे. लाकडी स्लीपरना लावले जाणारे क्रिओसोट हे डांबरी तेल संभाव्य कर्करोगकारक मानले जाते, पण आता सिमेंटचे स्लीपर आल्यामुळे तो संपर्क बराच घटला. खडीच्या धुळीबाबत सरसकट भीती घालणेही बरोबर नाही, कारण आपल्याकडच्या काळ्या बेसॉल्टमध्ये घातक मुक्त सिलिका ग्रॅनाइटपेक्षा फार कमी असते. खरी काळजी शेड, वर्कशॉप, वेल्डिंगचे काम आणि डिझेल मार्गांवर आयुष्य काढलेला रनिंग स्टाफ (ड्रायव्हर, असिस्टंट, गार्ड) यांची आहे. मुंबई-पुणे मार्गावर बोरघाटातून सुमारे शंभर वर्षे विजेची इंजिने धावत आहेत. पुणे-मिरज मार्गावर मात्र शिंदवण्याच्या घाटातले बोगदे अगदी अलीकडेपर्यंत डिझेलच्या धुरानेच भरत होते, आणि त्या बोगद्यांतून चढावर मालगाडी नेलेले ड्रायव्हर आणि असिस्टंट आज पेन्शनर म्हणून याच शहरात राहतात.

आता कायद्याकडे येतो. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा आणि त्याची जागा घेणारी, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता यांच्याबद्दल आधी चांगले ते सांगायला हवे. मालकाची चूक होती हे कामगाराला सिद्ध करावे लागत नाही. कार्यालयात कायम बसून काम करणारे वगळता रेल्वे नोकर या कायद्याच्या कक्षेत येतात. कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यावसायिक आजारांची यादी आहे आणि तिच्या 'ब' भागात अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा (मुख्यतः फुप्फुसाभोवतीच्या आवरणाचा कर्करोग), बेन्झीनमुळे होणारे आजार, तसेच डांबर आणि खनिज तेल यांमुळे होणारा त्वचेचा कर्करोग स्पष्ट नोंदलेले आहेत. अशा कामावर सलग सहा महिने असलेल्या कामगाराला नोकरीत असताना यादीतला आजार झाला, तर तो कामामुळेच झाला असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाकडे जाते. शंभर वर्षांपूर्वी सुरू झालेल्या कायद्यात ही तरतूद असावी याचे मला मनापासून अप्रूप वाटले.

पण अडचण इथूनच सुरू होते. पहिली गोष्ट म्हणजे या यादीत फुप्फुसाचा कर्करोग आहे तो फक्त अ‍ॅस्बेस्टॉसच्या नावाने. डिझेलच्या धुराचा उल्लेख तिथे नाही. यादीत नसलेल्या आजाराची भरपाई मागायची तर तो एखाद्या विशिष्ट अपघाती इजेतून थेट उद्भवला, हे दाखवावे लागते, आणि तीस वर्षे थोडा थोडा ओढलेला धूर ही अशी इजा ठरत नाही. जागतिक संस्थेने निर्णय देऊन एक तपाहून अधिक काळ लोटला. जुन्या कायद्यातल्या कलम ३(३) नुसार सरकारला तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन या अनुसूचीत नवी कामे आणि त्यांच्याशी निगडित आजार जोडता येत होते. पुढे संहिता आली आणि यादीचा साचा तसाच तिच्यात उतरला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. भरपाईचा दावा दोन वर्षांत करावा लागतो. अपघाताच्या बाबतीत हे ठीक आहे, कारण अपघाताला तारीख असते. आजाराला तारीख नसते, म्हणून कायद्याने एक तारीख ठरवून दिली: आजारामुळे कामगार ज्या दिवसापासून सलग गैरहजर राहिला तो दिवस. निवृत्त माणूस कुठून गैरहजर राहणार? त्याच्यासाठी एक परंतुक आहे. नोकरी सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर ती प्रथम आढळली त्या दिवशी अपघात झाला असे मानायचे. लक्षणे तिसऱ्या वर्षी, दहाव्या वर्षी किंवा माझ्या सहकाऱ्यासारखी अकराव्या वर्षी दिसली, तर मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, याबद्दल हे कलम गप्प आहे. शिवाय नोकरीत असताना मालकावर असलेली सिद्ध करण्याची जबाबदारी निवृत्तीनंतर उलटते आणि आजार त्या कामातूनच आला हे कामगाराला किंवा त्याच्या विधवेला दाखवावे लागते.

आता हे वैद्यकशास्त्राशेजारी ठेवून पाहा. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात गेल्यापासून मेसोथेलिओमा उमटेपर्यंत सहसा वीस ते चाळीस वर्षे, काही वेळा त्याहूनही अधिक काळ जातो. तिशीत शेडमध्ये घेतलेला श्वास पासष्टीत किंवा सत्तरीत भोवतो, ही या आजाराची रीतच आहे. म्हणजे ज्या काळात तो येण्याची शक्यता सर्वांत जास्त, नेमका तोच काळ कायद्याने कामगाराला सर्वांत दुबळे करून ठेवला आहे. यामागे कोणाचा वाईट हेतू होता असे मला वाटत नाही. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तुटलेला हात होता, चाळीस वर्षे दबा धरून बसलेला रोग नव्हता.

हा उशीर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच ओळखला आहे. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर विरुद्ध भारत सरकार या खटल्यात जानेवारी १९९५ मध्ये निकाल देताना न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला. अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद त्याच्या नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी, असा आदेशही दिला. न्यायालय नोंदी निवृत्तीनंतर पंधरा वर्षे जपायला सांगते आणि दाव्याची मुदत दोन वर्षांच्या हिशेबावर थांबते, ही विसंगती तीस वर्षे तशीच राहिली आहे.

अमेरिकेत रेल्वे कामगारांसाठी १९०८ पासून वेगळा संघीय कायदा आहे. आपल्यापेक्षा तो एका बाबतीत कडक आहे, कारण तिथे रेल्वे कंपनीचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. पण तो निष्काळजीपणा इजेला काही अंशी जरी कारणीभूत ठरला तरी पुरते, आणि भरपाईच्या रकमेला आपल्यासारखी ठरावीक चौकट नाही. मुदत तीन वर्षांची आहे. ती कधीपासून मोजायची, हा प्रश्न १९४९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात युरी विरुद्ध थॉम्पसन या खटल्यात आला. युरी वाफेच्या इंजिनावर सुमारे तीस वर्षे फायरमन होता. चाके घसरू नयेत म्हणून रुळांवर सोडल्या जाणाऱ्या वाळूची धूळ केबिनमध्ये येऊन त्याला सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग, झाला. कंपनीचे म्हणणे असे की, आजार फार पूर्वीच जडला होता आणि मुदत टळून गेली आहे. ते न्यायालयाने मानले नाही. जो आजार अजून प्रकटच झाला नाही त्याचा दावा करण्याची अपेक्षा कामगाराकडून ठेवता येत नाही, म्हणून मुदत तो प्रकट झाल्यापासून मोजायची, असे ठरले. पुढे या तत्त्वाला धरूनच कर्करोगाचे दावे तिथे चालत आले. चूक सिद्ध करण्याची अट आपल्याला नको. मुदत मोजण्याची ही पद्धत मात्र आपल्या संहितेत एका वाक्याने येऊ शकते: कर्करोगाचे निदान झाले आणि त्याचा कामाशी संबंध कामगाराला कळला, त्या दिवसापासून दोन वर्षे.

या विषयावर बोलताना मला तीन उत्तरे हमखास ऐकायला मिळतात. पहिले म्हणजे तंबाखू. आमच्यातले अनेकजण बिडी ओढत, हे मी नाकारत नाही. पण अ‍ॅस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की धोक्यांची नुसती बेरीज होत नाही, ते एकमेकांना कित्येक पटींनी वाढवतात, हे वैद्यकात मान्य आहे. मेसोथेलिओमाचा तर धूम्रपानाशी संबंधच नाही. कायद्यात मालकाला दिलेल्या बचावांत दारूच्या अंमलाचा आणि सुरक्षेचे नियम जाणूनबुजून मोडण्याचा समावेश आहे. बिडीचा नाही.

दुसरे उत्तर असे की, आता ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्ण झाले, डिझेल संपत आले, मग हा प्रश्न उरतो कुठे. धूर थांबला हे उत्तमच झाले. पण १९८० पासून अगदी कालपरवापर्यंत जो धूर छातीत गेला आहे, त्याचा हिशेब पुढची वीस-पंचवीस वर्षे होत राहणार.

तिसरे उत्तर माझ्या वयाच्या लोकांकडून येते: रेल्वेची वैद्यकीय योजना आहे, कार्ड आहे, उपचार होतात, मग आणखी काय हवे? उपचार होतात, हे खरे आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु उपचार हा आजाऱ्याचा हक्क झाला. कामाने घेतलेल्या आयुष्याची भरपाई हा वेगळा हक्क आहे आणि तो त्याच्या पश्चात घरच्यांचा असतो. शेडमधली धुलाई, डब्यांची सफाई, वेल्डिंग अशी कितीतरी कामे आज ठेकेदाराकडची मुले करतात. त्यांच्याकडे ते कार्डही नाही. कायद्याने त्यांच्या भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर टाकली आहे आणि मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करायची आहे. पण तीस वर्षांनी तो मुलगा कोणत्या पिटवर (इंजिनाखालच्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर), कोणत्या साली, कोणाच्या हाताखाली होता, हे सांगणारा कागद कुठून येणार? मला सर्वांत जास्त काळजी या मुलांची वाटते.

रकमेबद्दलही लिहितो, म्हणजे कोणाच्या मनात अवास्तव कल्पना राहू नये. मृत्यूच्या बाबतीत मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे असते. वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी ते जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते, आणि ही मर्यादाही जानेवारी २०२० मध्ये वाढवलेली आहे, त्याआधी ती ८,००० होती. पासष्टीपुढच्या माणसाचा गुणक ९९.३७, म्हणजे सगळ्या तक्त्यातला सर्वांत कमी. साडेसात हजार गुणिले ९९.३७ केले की ७,४५,२७५ रुपये येतात. दावा पूर्ण मान्य झाला तरी इतकेच. रक्कम महिन्याच्या आत दिली नाही तर त्यावर बारा टक्के व्याज चढते. उशिरा येणाऱ्या आजाराच्या बाबतीत वय जास्त असणे अपरिहार्यच असते, त्यामुळे सर्वांत कमी गुणक नेमका याच आजाऱ्यांच्या वाट्याला येतो.

म्हणून केंद्रीय श्रम मंत्रालयाला आणि पुण्याच्या लोकप्रतिनिधींना आपल्या वृत्तपत्राद्वारे माझी विनंती आहे की, तिसऱ्या अनुसूचीत डिझेलच्या धुरामुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग घालावा आणि दीर्घकाळाने येणाऱ्या आजारांसाठी मुदत निदानाच्या ज्ञानापासून मोजावी. रेल्वे प्रशासनाने सर्व्हिस रजिस्टरमध्ये फक्त पद आणि ठिकाण न लिहिता त्या माणसाचा धूर, अ‍ॅस्बेस्टॉस आणि वेल्डिंग यांच्याशी किती काळ संबंध आला याची नोंद ठेवावी, आणि ती ठेकेदारांच्या कामगारांसाठीही ठेवावी. नोकरीतल्या नियतकालिक वैद्यकीय तपासणीचा मुख्य रोख दृष्टीवर असतो. प्रवाशांच्या सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण धुरात काम केलेल्यांची फुप्फुसे निवृत्तीनंतरही ठरावीक काळाने तपासायला हवीत.

माझ्या वयाच्या रेल्वेवाल्यांना सांगणे एवढेच की, कुठल्याही दुखण्यासाठी छातीच्या डॉक्टरांकडे गेलात तर ते विचारोत न विचारोत, आपण कुठे आणि काय काम केले ते सांगा आणि केस पेपरवर लिहून घ्यायला लावा. आपल्या सर्व्हिस रजिस्टरची प्रत आताच मागून ठेवा, लागली तर माहितीच्या अधिकारात अर्ज करून. नोकरी भुसावळला केली असली आणि आज पुण्यात राहत असाल, तर दावा राहत्या ठिकाणी करता येतो. भरपाईचा हक्क सोडल्याचा कागद कोणी सही करून घेतला असेल, तर कायद्याने तो निरर्थक आहे.

सहकाऱ्याची पत्नी, आमच्या वहिनी, गेल्या महिन्यात ती फाइल घेऊन माझ्याकडे आल्या. उशीर का झाला याचे पुरेसे कारण दिले तर दावा दाखल करून घेण्याची मुभा कायद्यात आहे, म्हणून वकिलांनी विलंबमाफीच्या अर्जासह दावा करायचे ठरवले आहे. डिझेलचा धूर यादीत नसल्यामुळे तो फक्त अ‍ॅस्बेस्टॉसच्या आधारावर उभा राहील. त्या पांढऱ्या कापडाची आणि दोराची कुठेही नोंद नाही. ते काढताना त्याच्यासोबत आम्ही चौघे होतो. त्यांतले दोघे गेले, एकाला आता काही आठवत नाही. उरलो मी. माझी साक्ष मी लिहून वकिलांकडे दिली आहे आणि बोलावतील त्या तारखेला हजर राहणार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त रेल्वे कर्मचारी,
घोरपडी, पुणे